इंजिनाचा ताप बघणारी हिराआत्या

हिराआत्या कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी त्यावर उलटा हात ठेवायची. आजारी लेकराच्या कपाळावर ठेवतात ना, अगदी तसा. क्षणभर थांबायची आणि निकाल द्यायची, "ताप हाय अजून. उतरू दे." मग गाडी कोणाचीही असो, घाई कितीही असो, ताप उतरेपर्यंत आत्या कोणाला आत हात घालू द्यायची नाही.

आमची ओळख तिच्या याच हट्टामुळे झाली. नवीन पनवेलच्या कडेला, जुन्या गावाला चिकटून आमची चार मजली इमारत. जमीन आत्याच्या सासऱ्याची, इमारत तिच्या मुलानं, गणेशनं बांधलेली. तळमजल्यावर आत्या राहायची, तिसऱ्या मजल्यावर आम्ही नुकतेच भाड्यानं आलो होतो. मी क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते आणि आयुष्यातली पहिली गाडी, कोणीतरी सहा वर्षं वापरलेली का होईना, घेऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. काय उत्साह सांगू! गाडीला पुसून पुसून मी तिचा रंग फिका करायच्या बेतात होते. त्या रविवारी कामोठ्याला मैत्रिणीकडे जाऊन आले, मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि ठरवलं की आज इंजिनसुद्धा लख्ख करायचं. बॉनेट उघडलं, बागेचा पाइप ओढला, नळ सोडला आणि नेम धरणार तेवढ्यात मागून आरोळी आली.

"अगो बाय! थांब! मारतंस का त्याला?"

मी दचकून पाइप सोडला आणि स्वतःच भिजले. वळून बघते तर सत्तरीची एक सावळी, उंच बाई. लुगडं गुडघ्याच्या जरा खाली, पदर कमरेला घट्ट खोचलेला, हातात पाटल्या आणि चेहऱ्यावर राग.

"आताच येवढी चालवून आनलीस ना? तापल्या तव्यावर पानी ओततंस का घरी?"

"ओतते की," मी खरं ते सांगितलं.

"मंग तवा वाकडा झाला असंल तुझा."

माझा तवा खरोखरच वाकडा होता. पोळी मधेच फुगायची आणि कडेला कच्ची राहायची, आणि गेली दोन वर्षं मी त्याचा दोष गॅसच्या शेगडीला देत होते. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं की तो एकदम आकसतो, वाकतो, कधी तडकतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देते. पण फळ्यावरचं पार्किंगमध्ये आठवेल तर ती मी कसली!

ताप उतरल्यावर आत्यानं मला तिथेच पहिला धडा दिला. किल्ली काढून खिशात. हातातल्या पाटल्या काढून रुमालात, माझ्या बांगड्याही त्याच रुमालात. "सोनं घालून बॅटरीला हात लावला तर सोनं बी जाईल नि हात बी." माझी ओढणी तिनं स्वतः काढून कठड्यावर टाकली. मग बॅटरीची मायनसची तार आधी सोडवली. घरातून धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या आणल्या आणि एकेक जागा दाखवत त्या बांधल्या: ही वीज बनवते ती जागा, ही फ्यूजची डबी, हे इंजिनाचं नाक, यातून ते श्वास घेतं. "पाच घातल्या. तोंडानं बोल. पाच." मी शाळेतल्या मुलीसारखी "पाच" म्हणाले. एक जरी पिशवी आत राहिली आणि गाडी सुरू केली तर काय होईल, हे तिनं स्वतःचं नाक चिमटीत धरून दाखवलं.

पाइपला तिनं हातच लावला नाही. आधी कोरड्या ब्रशनं पाला आणि धूळ काढली, मग भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी, जुने दाताचे ब्रश आणि ओला पिळलेला फडका. "डोक्यावरून आंघोल नाय घालायची. आजारी मानसाचं अंग पुसतो ना, तसं पुसायचं." रॉकेलनं ग्रीस पटकन निघतं असं मी कुठेतरी ऐकलेलं सांगितलं, तर म्हणाली, "गाडी निघंल, तू बी निघशील." शेवटी कोरड्या फडक्यानं सगळं टिपून बॉनेट तासभर उघडं ठेवलं. मळकं पाणी बादलीत जमा केलेलं होतं, ते मी गटारात ओतायला निघाले, तर पुन्हा आरोळी! "गटार जातं खाडीत. खाडीत आमचा जिताडा हाय. तुझं तेल त्याला खायला घालतंस?" जिताडा म्हणजे या भागातल्या लोकांचा जीव की प्राण असलेला मासा. ते पाणी तेलकट चिंध्यांसकट तिच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या पिंपात गेलं.

त्या दिवसापासून रविवार सकाळ म्हणजे हिराआत्या! नवरा म्हणायचा, लोक योगाच्या क्लासला जातात, माझी बायको ग्रीस काढायला जाते. जाऊ दे! वर्गात पंचवीस वर्षं शिकवणारेसुद्धा जितकं नीट शिकवत नाहीत तितकं ती बाई एका ब्रशनं शिकवायची. आणि तिला हे कोणी शिकवलं होतं? तिच्या बापानं, तेही मिठागरावर. "बाप रोज संध्याकाली फावडं गोड्या पान्यानं धुवायचा नि लुंगीनं पुसायचा. मीठ लोखंडाला गुपचूप खातं. धुतलं नि पुसलं नाय, तर न धुतलेलं बरं." शाळेत ती दुसरीपर्यंतच गेली होती. गंजावरचा माझा धडा मात्र मी तेव्हापासून तिच्या या वाक्यानं सुरू करते.

एकदा मी विचारलं, "आत्या, बॉनेटच्या आत कोण बघतंय? एवढं साफ कशाला ठेवायचं?"

ती हातातला ब्रश थांबवून म्हणाली, "साफ इंजन खोटं बोलत नाय. थेंब गलला तर लगेच दिसतो." मग थोड्या वेळानं, जणू भाजीचा भाव सांगावा अशा आवाजात, तिनं नवऱ्याची गोष्ट सांगितली. त्यांचा टेंपो होता. कर्नाळ्याच्या वळणावर ब्रेक लागला नाही. ब्रेकचं तेल कितीतरी दिवस गळत होतं, पण टेंपो खालून असा चिखलानं आणि ग्रीसनं माखलेला की कोणाला दिसलंच नाही. गणेश तेव्हा नऊ वर्षांचा. नवऱ्याचं दिवसकार्य झाल्यावर ती दिराच्या मागे लागून गाडी शिकली आणि अठरा वर्षं टेंपोतून भाजी वाहिली. आम्ही दोघी ब्रश घासत राहिलो.

टेंपोनंतर तिनं जीप घेतली. मळखाऊ हिरवी, दणकट, आवाज असा की ती गल्लीच्या तोंडाशी आली की आमच्या खिडकीची काच सांगायची. दर गुरुवारी सकाळी सातला आत्या त्या जीपनं चिरनेरला जायची, एकटी. तिथे तिची मोठी बहीण काशी अंथरुणाला खिळून होती. तिला आंघोळ घालायची, केस विंचरायचे, दुपारभर दोघींनी गप्पा मारायच्या आणि दिवेलागणीच्या आत परत. गणेश म्हणायचा, माझ्या गाडीनं जा, ड्रायव्हर देतो. आत्या एकदा गेलीही तशी. परत आली ती फुगून. "ड्रायव्हर दारात उभा. काशी बोलता बोलता थांबते, म्हनते जा तू, तो पोरगा उपाशी असंल. बहिनीशी बोलायला पन आता टायमर लावू?"

जीपला पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि घरात वाद पेटला. पंधरा वर्षांनंतर गाडी पुन्हा तपासून घ्यावी लागते. पास झाली तर पुढची पाच वर्षं चालवायची, नाहीतर भंगार. गणेश भंगाराच्या बाजूनं होता. पांढरेशुभ्र कपडे घालणारा, तीन साइटवर माणसं हलवणारा हा माणूस आईपुढे मात्र नुसता चडफडायचा. शेवटी एका रविवारी पार्किंगमध्ये, माझ्यादेखत, तो म्हणाला, "चल आई, फायनल. पास झाली तर परत तोंड उघडणार नाय मी. फेल झाली तर सरळ भंगारात. मंजूर?"

"दिला शब्द," आत्या म्हणाली.

मग काय विचारता! पुढचे आठ दिवस माझ्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. क्लासची मुलं म्हणाली, मॅडम, कोणाचं लग्न आहे का? आत्यानं ब्रेक, दिवे, धूर सगळं गॅरेजमधून बघून आणलं. आम्ही दोघींनी सांगाड्यावर कोरलेला नंबर घासून वाचता येईल असा केला. आदल्या दिवशी इंजिन पुसलं, सहा पिशव्या घातल्या, सहा काढल्या, मोठ्यानं मोजून. इंजिन स्वच्छ झालं, कोरडं झालं. फक्त एकच गोष्ट मला खुपत राहिली. ते चमकत नव्हतं. पंधरा वर्षांचं लोखंड, राखाडी ते राखाडीच.

सकाळी सहाला मला राहवेना. आत्या आंघोळीला गेलेली, जीप उघडी. मी वरून खोबरेल तेलाची बाटली आणि सुती फडका आणला आणि सगळ्या नळ्या, रबरं, झाकणं, इतकंच काय, जिथून तापलेला धूर बाहेर पडतो तो जाड लोखंडी पाइपसुद्धा चोळून काढला. आमच्याकडे देवाची समई, पाटा-वरवंटा, दाराची कडी, ज्याला चमक हवी त्याला खोबरेल! इंजिन असं झळकायला लागलं की मी दोन फोटो काढले. आत्याला मुद्दाम सांगितलं नाही. तिकडे बॉनेट उघडल्यावर तिचा चेहरा बघायचा होता मला.

पनवेलच्या बाहेर मैदानावर तपासणी होती. वाटेतल्या पुलावर आलो आणि आत्यानं नाक वर केलं. "कोन खोबरेल लावून बसलंय?"

"मीच," मी म्हणाले, "सकाळी डोक्याला लावलं." तेल किती तापलं की धुरावतं हे मी पाठ म्हणून दाखवू शकते. पण चूक सुधारण्याऐवजी मी डोक्यावरून हात फिरवला.

मैदानात रांगेत अर्धा तास इंजिन चालू. आमचा नंबर आला आणि बॉनेटच्या फटींतून पांढरा धूर निघायला लागला! दिवाळीच्या सकाळचा वास सगळ्या रांगेत पसरला. आत्यानं ताबडतोब इंजिन बंद केलं, मला खाली उतरवलं. तपासणारे साहेब आले, किडकिडीत, चष्मेवाले. त्यांनी लांबूनच बॉनेट उघडायला लावलं, धूर जरा विरल्यावर आत टॉर्च मारला आणि एका नळीवरून बोट फिरवलं. बोट तेलकट झालं.

"आजी, तेल चोपडून आणलंत? गळती झाकायला लोक हेच करतात."

हिराआत्या उतरलेल्या चेहऱ्यानं त्या चकाकणाऱ्या इंजिनाकडे बघत राहिली. गळती झाकल्याचा आरोप आणि तो तिच्यावर! निकाल बघायला आलेला गणेश पलीकडे आपल्या मोठ्या गाडीला टेकून उभा होता, तोही सरळ झाला.

"साहेब, मी लावलं," मी म्हणाले. "यांना माहीतच नाही."

"तुम्ही? कशाला?"

"चमकायला."

रांगेतला एक टेंपोवाला इतका हसला की त्याला खोकला लागला. साहेब हसले नाहीत. "मॅडम, तापत्या पाइपवर तेल म्हणजे आग लागायची गोष्ट आहे. आज रस्त्यात पेट घेतला असता." त्यांनी घड्याळ बघितलं. अकरा वाजले होते. "एकपर्यंत पूर्ण कोरडं करून आणा. नाहीतर मला फेल लिहावं लागेल."

गणेशनं काय करावं? त्यानं आपल्या गाडीतला वीस लिटरचा पाण्याचा जार उचलून आणला! जी भंगारात जावी म्हणून भांडत होता तीच गाडी त्याला आता वाचवायची होती की आईचा तो चेहरा बघवत नव्हता, कोण जाणे. "आई, मार पानी, पटकन धुऊन काढ. टाइम नाय आपल्याकडं."

आत्यानं उलटा हात इंजिनाजवळ नेला. "ताप हाय. उतरू दे."

"अगं, एक वाजता बंद होईल सगलं!"

"होऊ दे. फुटलं तर पास होऊन काय करू?" ती जीपच्या सावलीत बसली, डबा काढला आणि तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊ लागली. गणेश येरझाऱ्या घालत होता, मी रडत होते. साडेअकरा. बारा वाजले. आत्यानं मला जवळ बोलावलं.

"रडू नको. डोल्यांतलं पानी खारं असतं. इंजनावर पडलं तर गंजंल."

मी हसता हसता आणखी रडले. "आत्या, माझ्यामुळे तुमची जीप जाईल."

"तेलाचा राग नाय मना. हौसेनं लावलंस. तेल नवरीला लावतात गो, इंजनाला नाय, आता कललं ना?" तिनं भाकरीचा तुकडा माझ्या हातात ठेवला. "पुलावर इचारलं तवा डोक्याला लावलं म्हनालीस, त्याचा राग हाय. तिथंच बोलली असतीस तर तिथंच थांबवली असती गाडी."

आजही कोणी मला माझ्या चुकीबद्दल विचारलं आणि जिभेवर सोयीचं उत्तर आलं, की मला तो पूल दिसतो.

सव्वाबाराला ताप उतरला. आणि मग आम्ही जे काही सुटलो! पाटल्या रुमालात, बॅटरीची तार सुटी, जीपमध्ये सापडल्या त्या चार पिशव्या बांधल्या, गणेशच्या जारातलं साबणाचं पाणी, फडके. टेंपोवाल्यानं, जो हसला होता त्यानंच, स्वतःचा कोरडा टॉवेल आणून दिला. गणेश बाह्या न दुमडता फडके पिळून देत होता. धुराच्या पाइपवरचं तेल आत्यानं स्वतः तीनदा साबणानं आणि तीनदा कोरड्यानं काढलं. एकला दहा मिनिटं असताना ती ओरडली, "किती घातल्या?" आम्ही तिघं एकदम ओरडलो, "चार!" "काढल्या?" "चार!"

साहेबांनी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. टॉर्च मारला, वाकले, पाठीवर झोपून खालूनही बघितलं. खिशातला पांढरा रुमाल काढून नळ्यांवरून फिरवला. रुमाल पांढराच राहिला. "आजी, पंधरा वर्षांच्या गाडीचं असं कोरडं इंजिन मी कमी बघितलंय," ते म्हणाले आणि कागदावर सही केली. मी किंचाळले. खरंच किंचाळले, आणि साहेबांच्या हातून पेन पडलं.

त्यानंतर आत्या दोन वर्षं जीप चालवत होती. गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी काशीच्या घरी दुपारची आडवी झाली ती उठली नाही. जीपच्या परवान्याची तीन वर्षं शिल्लक होती आणि माणूस निघून गेलं. मी खूप रडले. पण तिची आठवण काढली की मला ते रडणं आठवत नाही. मला आठवते पासिंगनंतरच्या गुरुवारची सकाळ.

सात वाजता मी तिला निरोप द्यायला खाली आले. गणेश फाटकाजवळ उभा होता. शब्द दिलेला, त्यामुळे तोंड बंद, पण चेहरा पांढराफटक. मला हळूच म्हणाला, "मॅडम, ती गेली की परत येईपर्यंत मला काम सुचत नाय. प्रत्येक गुरुवारी मी नऊ वर्षांचा होतो." तेव्हा मला कळलं की भंगाराचा हट्ट कशाचा होता.

आत्यानं ते ऐकलं की नाही ठाऊक नाही. तिनं किल्ली लावली आणि पुन्हा काढली. "गन्या, हिकडं ये. बॉनेट उघड."

"आई, मना त्यातलं काय कलत नाय."

"म्हनून तर भितोस."

ती हात पाठीमागे बांधून उभी राहिली आणि नुसतं सांगत गेली. पाणी बघ. इंजिनाचं तेल बघ, पट्टी पुसून परत बुडव. आता ती छोटी बाटली, ब्रेकचं तेल, रेघेपर्यंत हाय का? गणेश त्या बाटलीपाशी बराच वेळ थांबला. मग आत्यानं न सांगता तो पांढऱ्या पँटनिशी जमिनीवर बसला, खाली सरकला आणि ब्रेकच्या नळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवत गेला. चारही चाकांशी. बाहेर आला तेव्हा त्याच्या सदऱ्याची दशा झालेली. त्यानं बोट आईसमोर धरलं.

"कोरडं हाय, आई," तो म्हणाला.

आत्यानं त्या बोटावर आपला अंगठा फिरवून बघितला. "तुझ्या बापाच्या टायमाला हे बघनारं कोन नव्हतं," ती म्हणाली. "आता तू हायस. जाऊ?"

त्यानं मान डोलावली. जीप दणाणत गल्लीबाहेर पडली आणि उरणच्या रस्त्याला लागली. पुढच्या गुरुवारी मी सातला खाली आले, तर आत्या अजून घरात वेणी घालत होती आणि गणेश जुना बनियन चढवून जीपखाली शिरला होता.